स्लीमन, फिरंगिया आणि रामासी : नागपूर–जबलपूर मार्गावरील एक विजोड शोधजोडी

१

गुन्हेशोधाच्या कादंबरीत परस्परांशी न जुळणाऱ्या दोन शोधकांची जोडी ही आता रूढ योजना झाली आहे. एक वरिष्ठ, दुसरा कनिष्ठ. एक परका, दुसरा देशी. एकाला कायदा ठाऊक, तर दुसऱ्याला माणसे आणि वाटा ठाऊक. हिंदुस्थानच्या इतिहासातून विषय घेणाऱ्या अलीकडच्या इंग्रजी कादंबरीकारांना ही योजना विशेष मानवलेली दिसते. अबीर मुखर्जी यांच्या ‘अ रायझिंग मॅन’ (२०१६) या कादंबरीत १९१९ च्या कलकत्त्यात विंडहॅम हा इंग्रज अधिकारी आणि बॅनर्जी हा बंगाली सार्जंट एकत्र आणले आहेत. त्यापूर्वी दोन वर्षे प्रसिद्ध झालेल्या एम. जे. कार्टर यांच्या ‘द स्ट्रँग्लर व्हाइन’ या कादंबरीत एव्हरी आणि ब्लेक हे दोन भिन्न वृत्तींचे इसम १८३७ साली एका बेपत्ता कवीच्या शोधार्थ कलकत्त्याहून जबलपूरकडे निघतात आणि ठगांच्या प्रकरणात गुंततात.

या दुसऱ्या कादंबरीचा प्रदेश नागपूरच्या अभ्यासकास परका नाही. ज्या सागर–नर्मदा मुलखात ती घडते, तो मुलूख आणि भोसल्यांच्या खालसा झालेल्या राज्याचा नागपूर प्रांत हे दोन्ही १८६१ साली एकत्र करण्यात आले आणि नागपूर ही त्या नव्या मध्य प्रांताची राजधानी झाली. कादंबरीकर्त्रीने आपली जोडी कलकत्त्याहून आणली; परंतु त्याच काळात त्याच मुलखात एक खरीखुरी विजोड जोडी अस्तित्वात होती. विल्यम हेन्री स्लीमन हा कंपनी सरकारचा अधिकारी आणि फिरंगिया हा ठगांचा जमादार, पुढे माफीचा साक्षीदार, ही ती जोडी होय. या जोडीचे मुख्य हत्यार बेडी किंवा बंदूक नव्हते. ते एक शब्दकोश होते. हा शब्दकोश आणि त्याच्यासोबत छापलेल्या जबान्या ही दोन असमान पक्षांच्या संवादातून जन्मलेली साधने आहेत. त्या संवादातील प्रश्न विचारणारा पक्ष दृष्टीआड झाल्यामुळे ठगांविषयीच्या पुढील लेखनात कोणता विपर्यास शिरला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

नागपूरहून शिवनी, छपारा व लखनादौन या मार्गाने जबलपूरला आणि तेथून पुढे मिर्झापूर–काशीकडे जाणारी वाट ही दक्षिण आणि हिंदुस्थान यांना जोडणारी जुनी वाट आहे. रजेवर घरी निघालेले शिपाई, सावकारांची रोकड वाहणारे इसम, काशीयात्रेकरू, गंगाजलाच्या कावडी नेणारे ब्राह्मण असे नाना प्रकारचे लोक या वाटेने जात-येत. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नर्मदेकाठचा मुलूख भोसल्यांकडून कंपनीकडे गेला, सागरचा प्रदेश पेशव्यांच्या सत्तेखालून निघाला, आणि मराठ्यांच्या फौजांत पोट भरणारे अनेक लोक निराधार झाले. स्ट्यूअर्ट गॉर्डन यांनी १९६९ साली माळव्यातील सत्तास्पर्धेच्या संदर्भात ठगांचा जो विचार केला, त्याचे महत्त्व येथे आहे. लुटारू टोळ्या आणि लहान-मोठ्या सत्ता यांच्यातील सीमारेषा त्या काळी आजच्याइतकी स्पष्ट नव्हती.

ठगांची पद्धती थोडक्यात अशी : प्रवाशांच्या मेळ्यात सामील व्हावे, काही मजला सोबत करून विश्वास संपादावा, ठरलेल्या जागी रुमालाने गळा आवळावा, प्रेते पुरून टाकावी आणि पुढे चालू लागावे. या पद्धतीमुळे तपासाची नेहमीची वाटच बंद होत असे. गावचा पाटील, कोतवाल व चौकीदार यांच्यावर आधारलेली व्यवस्था फिर्यादीवर चालते. येथे मेलेला मनुष्य त्या गावचा नसे. त्याच्या घरी तो महिनोन्‌महिने येणारच नव्हता. आणि प्रेत सापडत नसे. गुन्हा घडलेला आहे, हेच मुळी कोणास कळत नसे. जालना छावणीचे सेनापती डव्हटन यांचा मुनशी बंदेअली कुटुंबासह हिंदुस्थानकडे जात असता लखनादौनजवळ मारला गेला. अशा प्रतिष्ठित माणसाच्या बाबतीत जे घडू शकले, ते एखाद्या सामान्य कावडकऱ्याच्या बाबतीत किती सहज घडत असेल, याची कल्पना करता येते.

या अज्ञानाची सर्वांत प्रामाणिक कबुली स्वतः स्लीमन याने दिली आहे. १८२२ ते १८२४ या काळात तो नरसिंहपूर जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट होता, आणि आपल्या जिल्ह्यातील कोणतीही चोरी आपल्या नजरेतून सुटत नाही अशी त्याची समजूत होती. पुढे त्यास कळले की, आपल्या कचेरीपासून चारशे यार्डांच्याही आत, कंदेली गावात, ठगांची एक टोळी राहत होती. आणि सागर-भोपाळच्या वाटेवर एका मजलेवर असलेल्या मंडेसूर गावच्या आमराया हे ठगांचे एक मोठे हत्यास्थान होते. अधिकाऱ्याला भाषा येत होती, कायदा येत होता, दफ्तर त्याच्या हाती होते. तरीही चारशे यार्डांवरचे त्यास दिसत नव्हते. दुसऱ्या जोडीदाराची गरज येथून उत्पन्न होते.

३

स्लीमन (१७८८–१८५६) हा इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्याचा. १८०९ साली तो बंगालच्या फौजेत आला आणि १८२० साली सागर–नर्मदा मुलखाच्या मुलकी कामावर रुजू झाला. देशी भाषांचा त्याचा अभ्यास त्या काळच्या अधिकाऱ्यांत उठून दिसणारा होता. फिरंगिया हा चंबळेकाठच्या प्रदेशातील ब्राह्मण. ज्याच्या नावातच ‘फिरंगी’ हा शब्द आहे, असा मनुष्य फिरंग्यांच्या सर्वांत मोठ्या शोधमोहिमेचा आधार व्हावा, हा योगायोग लक्षणीय खरा. प्रथम त्याच्या घरची माणसे अटकेत घेण्यात आली, आणि १८३० च्या अखेरीस तो स्वतः हाती लागला. जीवदान मिळाल्यास आपण इतर टोळ्या धरून देऊ, असे त्याने सांगितले.

त्यानंतरचा सलोहदा येथील प्रसंग प्रसिद्ध आहे. सागरपासून दोन मजलांवरील या गावच्या आमराईत स्लीमनचा तळ पडला असता फिरंगियाने तीन जागा दाखविल्या. एका ठिकाणी एक पंडित व त्याचे सोबती, दुसऱ्या ठिकाणी एक हवालदार व त्याचे शिपाई, आणि तिसऱ्या ठिकाणी गंगाजल वाहणारे ब्राह्मण पुरलेले होते. खणल्यावर प्रेते निघाली. एखाद्या शोधकथेत शोभावा असा हा प्रसंग असला, तरी त्याचे खरे महत्त्व निराळे आहे. जी आमराई अधिकाऱ्याच्या नकाशावर तळ ठोकण्याची सावलीची जागा होती, तीच त्याच्या जोडीदाराच्या स्मरणात स्मशान होती. एकाच भूमीचे हे दोन नकाशे एकमेकांवर ठेवणे, हेच या जोडीचे कार्य होय.

पुढील पद्धती यातूनच आकारास आली. माफीच्या साक्षीदारांना नजीब शिपायांच्या पहाऱ्यात दूरदूरच्या मुलखात पाठवून संशयितांची ओळख पटविली जाई. निरनिराळ्या साक्षीदारांच्या जबान्या वेगवेगळ्या घेऊन त्या परस्परांशी ताडून पाहिल्या जात. त्यांची सांगड उकरलेल्या प्रेतांशी आणि हरवलेल्या माणसांच्या नातलगांनी सांगितलेल्या हकिकतींशी घातली जाई. टोळ्यांच्या वंशावळी तयार झाल्या, हत्यास्थानांचे नकाशे तयार झाले. फुटकळ माहितीचे दफ्तर करावे आणि दफ्तरातून गुन्हेगार शोधावा, ही आधुनिक पोलिसी तपासाची रीत येथे फार लवकर दिसते. पुढे १९०४ साली ठगी व डाकेखाते मोडून त्याच्या जागी मध्यवर्ती गुन्हे-गुप्तवार्ता खाते स्थापन झाले, हा या परंपरेचाच पुढचा दुवा आहे.

‘ठकास महाठक’ ही मराठी म्हण या व्यवहारास लागू पडते असे वरवर वाटेल, आणि गुन्हेगाराकरवी गुन्हेगार धरण्याची युक्ती केवळ हिंदुस्थानातली नव्हती हेही खरे. पॅरिसमध्ये व्हिडॉक हा एकेकाळचा बंदिवान १८११ च्या सुमारास पोलिसांच्या शोधपथकाचा प्रमुख झाला होता. परंतु दोघांच्या भाग्यात मोठे अंतर आहे. व्हिडॉकला अधिकारपद मिळाले, पगार मिळाला, आणि १८२८ पासून त्याच्या नावाने आठवणीही छापल्या गेल्या. फिरंगिया व त्याच्यासारखे साक्षीदार अखेरपर्यंत कैदीच राहिले. या जोडीतील एका भागीदाराची बढती पणास लागली होती, दुसऱ्याचा गळा. ही विषमता दृष्टीआड केल्यास जबान्यांचे स्वरूपच कळणार नाही.

४

१८३६ साली कलकत्त्यास स्लीमनचा ‘रामासीआना’ हा ग्रंथ छापला गेला. ठगांच्या ‘रामासी’ नामक विशिष्ट बोलीचा शब्दसंग्रह आणि माफीच्या साक्षीदारांशी झालेले संवाद हे त्याचे मुख्य भाग होत. पुढच्याच वर्षी व्हिडॉकनेही चोरांच्या रीतिभाती व त्यांची भाषा यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. गुन्हेगारांच्या गुप्त बोलीचा कोश हे पोलिसांचे साधन होऊ शकते, ही कल्पना दोन खंडांत एकाच सुमारास रूढ झाली, ही गोष्ट नोंद करण्याजोगी आहे.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता रामासी ही स्वतंत्र भाषा नव्हे. तिचे व्याकरण हिंदुस्थानीचेच आहे. केवळ काही नामे व क्रियापदे बदललेली आहेत. अशा सांकेतिक बोली आपल्याकडे अनेक आहेत. व्यापारी व दलाल यांच्या नंदभाषेत एक, दोन, तीन या अंकांना केवली, आवारू, उधानू असे शब्द आहेत. वाक्य मात्र मराठीच राहते. गुरांच्या बाजारात हातावर रुमाल टाकून बोटांच्या खुणांनी भाव ठरविण्याची रीतही याच जातीची. महानुभावांनी सकळ लिपी योजली, तेव्हा त्यांनी शब्द तेच ठेवून अक्षरे झाकली. ग्रियर्सन यांच्या भाषापाहणीच्या अकराव्या खंडात (१९२२) भटक्या जमातींच्या अशा बोलींचा विचार आला आहे. तेव्हा सांकेतिक शब्द वापरणे एवढ्यावरून कोणताही समूह गुन्हेगार किंवा स्वतंत्र पंथ ठरत नाही. ऐकणारा जवळ असता त्यास कळू न देता बोलण्याची ज्यांना गरज पडते, ते सर्वच अशी बोली करतात.

या शब्दसंग्रहातील शब्द कशाविषयी आहेत, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. सोथा म्हणजे गोड बोलून प्रवाशास सोबत घेणारा. टिल्हाई म्हणजे टेहळणी करणारा. बेल्हा म्हणजे जागा निवडणारा, आणि ती जागा म्हणजे बेल. लुघा म्हणजे खड्डा खणणारा. भुर्तोट म्हणजे फास आवळणारा. शमसिया म्हणजे त्या वेळी हात धरणारा. आणि झिरनी म्हणजे इशारा. ही श्रमविभागणी एखाद्या कसबी धंद्यास शोभणारी आहे. ज्याला मारावयाचे त्या प्रवाशास ‘बुनिज’ म्हणत. संस्कृतातील वणिज्‌ आणि आपला वणजारा हे शब्द ज्या कुळातले, त्याच कुळातला हा शब्द. त्याचा मूळ अर्थ व्यापार, व्यापाराचा माल. माणसास माल म्हणणारी ही बोली भयंकर आहे यात संशय नाही. परंतु ते भय बाजाराचे आहे, यज्ञवेदीचे नव्हे.

स्लीमनने ठगीचा अर्थ प्रामुख्याने कालीभक्तीच्या अंगाने लावला. देवीस अर्पण म्हणून नरहत्या करणारा, सर्व हिंदुस्थानभर पसरलेला एक गुप्त पंथ, असे चित्र त्याच्या विवेचनातून उभे राहते. त्याचाच शब्दसंग्रह या चित्रास पूर्ण दुजोरा देत नाही. कुदळीची पूजा आणि ‘तुपौनी’ हा गुळाचा विधी यांत आहे खरा. पण आपली अवजारे पूजणे हे आपल्याकडे सुतार-लोहारांपासून शिलेदारांपर्यंत सर्वांनाच परिचित आहे. शकुनवाचक शब्दांची संख्याही पुष्कळ आहे. तथापि पशुपक्ष्यांचे दर्शन आणि त्यांचा आवाज यांवरून शुभाशुभ ठरविणे ही त्या काळच्या प्रत्येक वाटसरूची आणि शेतकऱ्याची रीत होती; पिंगळ्याचे बोलणे आणि टिटवीचे ओरडणे यांविषयीचे समज विदर्भातील खेड्यांनाही अपरिचित नाहीत. शिवाय या टोळ्यांत हिंदू व मुसलमान दोन्ही होते, आणि परस्परांची ओळख पटविण्याचे नमस्कारही दोहोंसाठी निराळे होते.

आणखी एक गोष्ट. साक्षीदार निरनिराळ्या मुलखांतून आले होते. हिंदुस्थानातले आणि दक्षिणेतले ठग यांच्या शब्दांत व चालीरीतींत फरक असल्याचे या ग्रंथातच दिसते. संवादांत तर ते परस्परांच्या चालींना नावेही ठेवतात. असे असता या सर्व सामग्रीस एक नाव, एक अकारविल्हे आणि एक मुखपृष्ठ लाभले. भेद नोंदविणारा स्लीमन हा उत्तम संग्राहक होता. ते सारे एका शीर्षकाखाली बांधणारा स्लीमन हा कारभारी होता.

५

कोशाने दिलेली ही एकरूपता कायद्याच्या कामी आली. ‘ठग’ हा शब्द संस्कृत ‘स्थग’ या शब्दाशी जोडला जातो. मराठीत ठक, ठकणे, ठकविणे या सर्वांत फसवणुकीचाच अर्थ आहे. गळा आवळून मारणाऱ्यास दक्षिणेत फासेगार असा निराळा शब्द होता. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने हा सैल अर्थाचा लोकभाषेतील शब्द जसाच्या तसा उचलला. ठगांच्या टोळीचा घटक होता, एवढे सिद्ध झाले की जन्मठेप व सक्तमजुरी. टोळीशी संबंध कायद्यापूर्वीचा असो वा नंतरचा, कंपनीच्या हद्दीतला असो वा बाहेरचा. मात्र ठग म्हणजे कोण, याची व्याख्या त्या कायद्यात नव्हती. ती साक्षीदाराच्या तोंडी होती. १८३७ च्या एकोणिसाव्या कायद्याने, पूर्वी शिक्षा झालेला मनुष्यही साक्ष देण्यास पात्र ठरला. शब्दाचा अर्थ सांगणारा आणि माणसाकडे बोट दाखविणारा असा एकच इसम झाला.

१८२६ ते १८३५ या दहा वर्षांत खटल्यास उभे केलेल्या १५६२ इसमांपैकी १४०४ जणांस फाशी, काळे पाणी किंवा जन्मठेप यांपैकी एक शिक्षा झाली. यांतील पुष्कळांनी खून केले होते हे उकरलेल्या प्रेतांवरून निर्विवाद आहे. परंतु ओळखपरेडीत कोणी जुने वैर साधले असेल, कोणी आपला आप्त वाचविला असेल, तर ते पारखण्याचे साधन दुसऱ्या साक्षीदाराच्या जबानीखेरीज फारसे नव्हते. राधिका सिंघा यांनी कंपनीच्या फौजदारी कायद्याचा जो अभ्यास केला, त्यात या अडचणीवर योग्य भर आहे.

वंशावळीचा परिणाम अधिक दूरवर गेला. टोळीचा शोध सोयरिकीच्या धाग्याने लागतो हे तपासाचे सूत्र होते. त्यातून गुन्हा हा वंशाने येतो असा सिद्धान्त निघाला, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात त्यास स्थान मिळाले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त झाल्या. विदर्भातील विमुक्तांच्या वस्त्यांवर संशयाची जी छाया कायद्यानंतरही राहिली, तिचा एक उगम या तपासदफ्तरात आहे.

६

जबानीचे कादंबरीत रूपांतर केले फिलिप मेडोज टेलर याने. निजामाच्या चाकरीत असलेल्या या अधिकाऱ्याचा मराठवाड्याशी, विशेषतः तुळजापूर-नळदुर्ग या भागाशी निकटचा संबंध होता. त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ साली लंडनला प्रसिद्ध झाली, म्हणजे एडगर ॲलन पो याच्या १८४१ मधील शोधकथेच्याही दोन वर्षे आधी. तिचा नायक अमीर अली हा ७१९ खुनांत भाग घेतल्याचे सांगणारा ठग असून तो आपली जन्मकथा एका साहेबास ऐकवितो. १८३२ मध्ये भेटलेल्या एका खऱ्या साक्षीदाराच्या कथनावर ती आधारलेली असल्याचे टेलरने सांगितले आहे.

‘रामासीआना’तील संवाद आणि ही कादंबरी शेजारी ठेवून वाचल्यास एक महत्त्वाचा फरक ध्यानी येतो. संवादांत प्रश्न छापलेले आहेत, आणि उत्तरे देणारे अनेक आहेत. ते एकमेकांस खोडून काढतात, दक्षिणी-हिंदुस्थानी असा वाद घालतात. आपला ऱ्हास का झाला असे विचारले असता, स्त्रियांस मारू नये हा नियम मोडला म्हणून देवी कोपली असे ते म्हणतात, आणि कंपनीच्या इकबालापुढे कोणाचे काही चालत नाही असेही म्हणतात. कंपनीच्याच कैदेत असलेला, कंपनीच्याच कृपेवर जगणारा मनुष्य कंपनीच्या अधिकाऱ्यास हे सांगत आहे, हे वाचकास तेथे विसरता येत नाही. कादंबरीत साहेब क्वचितच बोलतो. प्रश्न गळून पडतात, अनेक आवाजांचा एक आवाज होतो, आणि उत्तर हे स्वयंस्फूर्त कबुलीजबाबाचे रूप घेते. शोधजोडीतील एक जोडीदार अशा रीतीने पडद्याआड जातो. आणि तो पडद्याआड गेला की, त्याने घातलेल्या अपेक्षा या ठगाच्या स्वभावाचे गुण म्हणून वाचल्या जातात. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात (१९१६) ‘ठग’ ही एक स्वतंत्र नोंद म्हणून आली, तिच्यामागेही स्लीमनचेच साहित्य उभे आहे.

७

ठगांविषयीच्या आधुनिक संशोधनात दोन टोके दिसतात. एक टोक स्लीमनचे सर्व म्हणणे जसेच्या तसे स्वीकारते. दुसरे टोक ठगी ही इंग्रजांनी रचलेली कपोलकथा मानते. हिरालाल गुप्त यांनी १९५९ साली पहिल्या टोकास आव्हान दिले. किम वॅग्नर यांनी २००७ मधील आपल्या ग्रंथात, साधनांचा दोष मान्य करूनही त्यांतून प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींचा शोध घेता येतो, असा मध्यममार्ग दाखविला. सलोहद्याच्या आमराईतील प्रेते कोणी कल्पिलेली नव्हती. ज्या कावडकऱ्यांच्या घरी गंगाजल कधीच पोहोचले नाही, त्यांच्या बाबतीत ठगी ही केवळ कल्पना होती असे म्हणणे हाही एक अन्यायच होईल.

म्हणून या साधनांचे तीन थर वेगळे करून वाचणे इष्ट आहे. स्वतंत्र जबान्या आणि उकरलेले पुरावे ज्यास दुजोरा देतात, तो पहिला थर. विचारणाऱ्याच्या प्रश्नातच ज्याचे उत्तर दडलेले आहे, तो दुसरा. आणि बोलणाऱ्याने नकळत, आपल्या नित्याच्या शब्दांतून जे सांगितले, तो तिसरा. धंद्याचे शब्द हे या तिसऱ्या थरात पडतात, आणि त्यांची साक्ष अधिक विश्वसनीय ठरते. कारण ‘बुनिज’ हा शब्द साहेबास संतुष्ट करण्यासाठी बनविलेला नव्हता.

या कामी नागपूरला विशेष सोय आहे. ह. ना. सिन्हा यांनी संपादिलेले नागपूर रेसिडेन्सीचे निवडक कागद अभ्यासकांना उपलब्ध आहेत. त्यांच्या जोडीस भोसलेकालीन मोडी कागदांत ठग, ठक व फासेगार हे शब्द कोणकोणत्या अर्थांनी येतात, याचा तपास झाल्यास, १८३६ पूर्वी या मुलखातील लोक ‘ठग’ म्हणून कोणास ओळखत होते, हे मराठी साधनांवरून ठरविता येईल. तो अर्थ आजवर बहुतांशी इंग्रजी दफ्तरातून घेण्यात आला आहे. एका शब्दाने हजारोंना शिक्षा झाली, आणि त्याच विचारसरणीतून पुढे कित्येक जमातींच्या माथी जन्माबरोबरच गुन्हा लिहिला गेला. त्या शब्दाचा इतिहास इतक्या साक्षेपाने पाहणे हे इतिहास आणि भाषाशास्त्र या दोन्ही शाखांचे सामाईक कर्तव्य ठरते.